सुश्रुताच्या यादीतला मोह

ब्रह्मपुरीच्या एका वाचकाने विचारलं आहे : आजोबा मोहाच्या काडीने दात घासायचे, याला काही आधार आहे का? आहे, आणि तो थेट सुश्रुतसंहितेत. चिकित्सास्थानाच्या २४ व्या अध्यायात दातवण चवीवरून निवडायला सांगितलं आहे. कडूत कडुनिंब, तुरटात खैर, तिखटात करंज आणि गोडात मोह श्रेष्ठ. चंद्रपूर-गडचिरोलीत ही चारही झाडं हाताशी आहेत. मोह म्हटलं की फुलं, दारू आणि टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल आठवतं; त्याचा हा मान मात्र कुणी सांगत नाही.

सुश्रुताची नजर किती बारीक! काडी बारा अंगुळं लांब, करंगळीएवढी जाड, सरळ, बिनगाठीची हवी. टोकाचा मऊ कुंचला करून एकेक दात घासायचा, हिरडीला इजा होऊ द्यायची नाही. आणि तोंड आलं असेल, ओकाऱ्या होत असतील, उचकी लागली असेल तर दातवण वर्ज्य! उपाय कुणी करू नये हेही लिहून ठेवणारा वैद्य मला फार मोठा वाटतो. 'केमिकलमुक्त' मंजनांच्या जाहिरातीत असं वाक्य शोधून सापडत नाही.

काडीचं मुख्य काम घासण्याचंच. दातांवरचा जिवाणूंचा चिकट थर नुसत्या चुळीने निघत नाही, तो धाग्यांनी खरवडावा लागतो. खैरातली टॅनिनं हिरड्या आवळतात, कडुनिंबाचा अर्क प्रयोगशाळेत काही जिवाणूंना रोखतो. पण कीड थोपवणारं फ्लोराइड काडीतून पुरेसं मिळत नाही, त्यासाठी पेस्टच हवी. उलट चंद्रपूर जिल्ह्यातल्या काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. तिथल्या मुलांच्या दातांवरचे तपकिरी डाग दात घडतानाच आत बसलेले असतात. ते कुठल्याच काडीने जायचे नाहीत. तिथे प्यायचं पाणी बदलायला हवं.

आणि सकाळी दातवण करून दिवसभर गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरला, तर त्या काडीचा उपयोग काय? मिश्री आणि गुडाखू म्हणजे तर दात घासायच्या नावाखाली तंबाखूच. मंजनात आणि पेस्टमध्ये तंबाखू घालायला केंद्र सरकारने १९९२ मध्येच बंदी केली. खर्ऱ्यातल्या सुपारीने गालाची आतली त्वचा ताठरत जाते, तिखट सोसवत नाही, घास घेण्यापुरतंही तोंड उघडेनासं होतं. पुढे कर्करोगाचा धोका असतो. आपली तीन बोटं उभी धरून दातांमध्ये घालून पाहा. शिरत नसतील तर खर्रा आजच थांबवा आणि दातांच्या डॉक्टरला तोंड दाखवा.