प्रवराकाठचा पहिला धडा
(नगर जिल्ह्यातील प्राथमिक इतिहास-शिक्षणाचा आढावा)

प्राथमिक शाळेतील मुलांना इतिहास शिकवावा की नाही, हा वाद केव्हाच मिटला. परंतु तो कोठून शिकवावयास आरंभ करावा, या प्रश्नाचा निकाल आपल्याकडे विचाराने न लागता शिरस्त्याने लागत आलेला आहे. ज्या जिल्ह्याच्या भूमीत मानवी वस्तीचे थर एकावर एक असे निजलेले आहेत, त्या जिल्ह्यातील नऊ-दहा वर्षांच्या मुलाला इतिहास म्हणजे चारशे वर्षांपूर्वी सुरू झालेली गोष्ट वाटावी, ही मला आयुष्यभर सलत आलेली बाब आहे. तेव्हा या आढाव्यात सर्व कालखंडांना सारखा न्याय मिळेल, अशी अपेक्षा वाचकांनी बाळगू नये. मला प्रवराकाठाविषयी सांगावयाचे आहे. बाकीचे त्याच्या अनुषंगाने येईल.

आधी मागचा हिशेब. आता अहिल्यानगर या नावाने शासकीय दप्तरात नोंदल्या गेलेल्या नगर शहरात १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनची मंडळी आली, आणि त्यांच्या पाठोपाठ १८३९ साली मिस सिंथिया फरार आल्या, ज्यांनी मुलींच्या शाळा चालविण्यात आपली हयात वेचली आणि १८६२ साली याच गावात देह ठेवला. त्यांच्या शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले, आणि सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे घेतले ते मिस फरारांपाशी, हे चरित्रकारांनी नोंदविलेले आहे. १८४२ साली ‘ज्ञानोदय’ निघाले तेही नगरातूनच. म्हणजे या जिल्ह्यातील नव्या पद्धतीच्या शिक्षणाचा एक झरा थेट अमेरिकेतून आलेला होता, आणि तरीही अमेरिका नावाच्या देशाचा आरंभ कसा झाला, तेथे आधी कोण राहत होते, हे आमच्या प्राथमिक शाळेतल्या मुलांना कधी कोणी नीट सांगितले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास महादेवशास्त्री कोल्हटकरांनी ‘कोलंबसाचा वृत्तांत’ मराठीत आणला होता. पुढे कोलंबस आमच्या क्रमिक पुस्तकांत डोकावत राहिला तो एकटाच, गलबतावर उभा राहून जमीन दिसल्याचा हर्ष करणारा. त्या जमिनीवर उभे राहून गलबत पाहणारी माणसे चित्रात नव्हती.

सरकारी शाळांचा मधला इतिहास मी झटपट ओलांडतो, कारण त्यात खाती, अहवाल आणि अनुदाने यांपलीकडे फारसे काही नाही. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी प्राथमिक शाळेत मोडी-बाळबोध वाचन, हिशेब आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान यांच्या जोडीने सामान्य इतिहास-भूगोलाची तोंडओळख असावी, असे मागितले होते. खेड्यातील मुलाला विषय किती लागतात याचा त्याहून समंजस तपशील पुढे कोणी दिल्याचे मला आठवत नाही. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्या कारभाराखाली गेल्या, १९६७ साली पाठ्यपुस्तके काढणारी बालभारती स्थापन झाली, आणि १९७० साली चौथीच्या हाती ‘शिवछत्रपती’ हे पुस्तक आले.

त्या पुस्तकाविषयी माझ्या मनात आदरच आहे. ते वाचून महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांना इतिहासाची गोडी लागली, आणि दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला रचणाऱ्या पोराच्या बोटांना त्या पुस्तकानेच विषय पुरविला. वाद आहे तो पुस्तकाशी नव्हे, तर त्याच्या आधी काहीच नको असे मानणाऱ्या विद्वानांशी. अशा मंडळींचे म्हणणे असे की, लहान मुलास कथा कळते, पराक्रम कळतो, परंतु काळ कळत नाही. सबब हजारो वर्षांच्या गोष्टी त्याच्यापुढे मांडणे म्हणजे त्याच्या बुद्धीवर अत्याचार होय. हा आक्षेप मी शिक्षण परिषदांतून, प्रशिक्षण वर्गांतून आणि एका नामवंत मासिकाच्या पानांतून इतक्या वेळा ऐकला-वाचला आहे की, त्याला उत्तर देणे हेच माझे अवतारकार्य होऊन बसले. आणि उत्तर देण्यास मला पुणे-मुंबईच्या ग्रंथालयांत जावे लागले नाही. ते प्रवरेच्या काठी पडून होते.

रतनगडाच्या अंगाखांद्यावरून उतरून, भंडारदऱ्याच्या धरणात थांबून, अकोले, संगमनेर, श्रीरामपूर, नेवासे असा प्रवास करीत टोक्याला गोदावरीस मिळणाऱ्या या नदीच्या काठावर महाराष्ट्राच्या आद्य शेतकऱ्यांची तीन मोठी ठिकाणे आहेत. संगमनेरजवळचे जोर्वे पहिले. तेथे १९५०-५१ साली डेक्कन कॉलेजच्या डॉ. हसमुख सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी उत्खनन केले, तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी आणि तांबड्या अंगावर काळ्या रेषांची नक्षी असलेली, नळीसारख्या तोटीची मडकी सापडली, आणि पुढे ताम्रपाषाण युगातील एका साऱ्या संस्कृतीला विद्वानांनी ‘जोर्वे संस्कृती’ हे नाव दिले. जगभरच्या पुरातत्त्वज्ञांच्या ग्रंथांत ज्याचे नाव छापले जाते, त्या गावच्या मुलांना ते ठाऊक असावे की नसावे?

दुसरे नेवासे. ज्या गावात १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि पैस खांबाच्या दर्शनाला आजही वारकरी येतात, त्याच गावच्या लाडमोड टेकडीवर १९५४ पासून सांकलियांनी खणले तेव्हा वरून खाली उतरताना मध्ययुग लागले, मग सातवाहनांचा काळ लागला, त्यात रोमहून आलेल्या मद्यकुंभांचे तुकडे मिळाले, त्याच्या खाली जोर्वे संस्कृतीची घरे लागली, आणि नदीपात्राच्या वाळू-गोट्यांत त्याहूनही फार जुनी दगडी हत्यारे. घरांच्या जमिनीखाली लहान मुले पुरलेली होती, दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत निजविलेली. आणि एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती, जिच्या दोऱ्यात रेशीम आणि कापूस असल्याचे पुढे तपासणीत आढळले. मी हा प्रसंग तिसरी-चौथीच्या वर्गात सांगितला की वर्ग स्तब्ध होई. “गुरुजी, घरातच का पुरलं?” असे एखादी मुलगी विचारी, आणि दुसरी तत्काळ उत्तर देई, “आईपासून लांब नको म्हणून.” हे उत्तर पुराव्याने सिद्ध करता येत नाही, आणि तेही मी वर्गात सांगत असे, परंतु अनुमान कसे बांधतात आणि ते कोठे थांबवावे लागते, हा इतिहासशास्त्रातला मोठा धडा आठ वर्षांच्या मुलीने स्वतः प्रश्न विचारून शिकावा, याहून अधिक काय हवे?

तिसरे आणि मला सर्वांत प्रिय ठिकाण दायमाबाद. श्रीरामपूर तालुक्यातील हे ओसाड गाव १९५८ साली पुरातत्त्वज्ञांच्या नजरेस आले, म. न. देशपांडे, एस. आर. राव आणि त्यानंतर १९७५ ते १९७९ या काळात एस. ए. साळी यांनी तेथे उत्खनने केली, आणि एकाखाली एक अशा पाच संस्कृतींचा क्रम उघड झाला. परंतु मुलांसाठी दायमाबाद म्हणजे १९७४ सालची ती घटना, जेव्हा झाडाची मुळे खणणाऱ्या एका गरीब भिल्ल माणसाच्या हाती कांस्याचे गेंडा, हत्ती, रेडा आणि दोन बैलांचा रथ अशा चार मूर्ती लागल्या, ज्यांचे एकूण वजन साठ किलोंहून अधिक भरले. रथात माणूस उभा आहे, आणि रथाच्या दांडीवर एक कुत्रा उभा आहे. वर्गात त्या रथाचे चित्र लावले की मुले आधी कुत्र्याकडे पाहतात. कुत्रा कशाला, बैल कोणत्या जातीचे, गेंडा इथल्या माणसाने पाहिला होता का, म्हणजे तेव्हा इथे रान कसे असेल, पाऊस किती असेल, असे प्रश्न एकामागून एक येतात, आणि इतिहासाच्या तासाला भूगोल आपसूक येऊन बसतो. त्या मूर्तींच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. मतभेद मुलांपासून लपवावे, असे सुचविणारे शिक्षक मला भेटले. मी मात्र ते आवर्जून सांगतो, कारण मोठी माणसेही पुरावा पाहून भांडतात हे कळल्याने मुलांचा विषयावरील विश्वास वाढतो.

आता काळ न कळण्याची गोष्ट. एक सुताची दोरी घ्यावी आणि शंभर वर्षांना एक वीत, असे माप ठरवावे. आजीचा जन्म पहिल्या वितीतच येतो. शिवरायांचा जन्म चार वितींच्या आत येतो, मलिक अहमदाने १४९० साली वसविलेले नगर शहर पाच वितींच्या थोडे पलीकडे, ज्ञानेश्वरी सातव्या वितीच्या पुढे, सातवाहन विसाव्या वितीच्या आसपास, जोर्व्याची घरे तीस ते चौतीस वितींवर, आणि दायमाबादची पहिली वस्ती चाळिसावी वीत ओलांडून. मुले स्वतः गाठी मारतात. नेवाशाची दगडी हत्यारे दाखवावयाची झाली तर दोरी शाळेच्या फाटकाबाहेर जाऊन रस्त्याला लागते, आणि मग दीर्घ काळ म्हणजे काय, हे सांगावयास शिक्षकाला तोंड उघडावे लागत नाही. पंडित नेहरूंनी १९२८ च्या उन्हाळ्यात मसुरीस असलेल्या दहा वर्षांच्या कन्येला पृथ्वीच्या आणि आदिमानवाच्या कथा पत्रांतून लिहिल्या. दहा वर्षांच्या मुलीला त्या कळतात यावर त्यांचा भरवसा होता. तेच नेहरू पुढे नगरच्या किल्ल्यात बंदी असताना १९४४ साली ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहीत बसले. अलीकडे पाचवीच्या परिसर अभ्यासात ‘इतिहास म्हणजे काय’ इथपासून आरंभ करून कालसंकल्पना, उत्क्रांती आणि मानवाची वाटचाल आली, याचा मला मनापासून आनंद झाला. दुःख एवढेच की, त्या पाठांना जोर्व्याची माती लावून शिकविणारा शिक्षक विरळा.

याच दोरीवर अमेरिका आणता येते, आणि येथे माझे दुसऱ्या एका पक्षाशी भांडण आहे. नगरच्या मुलाला अमेरिकेचा आरंभ कशाला, असे विचारणारे थोडे नाहीत. परंतु कोलंबस १४९२ साली निघाला, म्हणजे नगर वसल्यानंतर दोनच वर्षांनी. दोरीवर या दोन गाठी एकमेकींना चिकटतात. इंग्रजांची जेम्सटाउनची वसाहत १६०७ ची आणि प्लिमथची १६२० ची, म्हणजे नगरच्या निजामशाहीतल्या मलिक अंबराच्या कारकिर्दीतली. त्याच मलिक अंबराने १६२४ साली भातवडीच्या लढाईत, ज्या लढाईत शहाजीराजे लढले, मोगल-आदिलशाही फौजांना हरविले. एवढ्यावर थांबले तर मात्र अमेरिकेतल्या जुन्या शाळांनी जे केले तेच आपण करू: गोऱ्या माणसाचे जहाज लागेपर्यंत तो मुलूख रिकामा होता, असे मुलांना भासवू. मिसिसिपीकाठी काहोकिया नावाचे मातीच्या टेकड्यांचे मोठे नगर यादवांच्या काळात नांदत होते, आणि जोर्व्याच्या माणसांनी चुली पेटविल्या त्या सुमारास लुईझियानात पॉव्हर्टी पॉइंट येथे शेती न करणाऱ्या लोकांनी प्रचंड मातीकाम उभारले होते. माझ्या परिचयातील एका कुटुंबाची नात तिकडे शिकते; त्या बाजूस बहुधा चौथीला आपल्या राज्याचा इतिहास आणि पाचवीला वसाहतींपासून स्वातंत्र्ययुद्धापर्यंतचा भाग असतो. ती सुटीत नगरला आली तेव्हा तिला मी लाडमोड टेकडी दाखविली, आणि तिने तिकडच्या मूळ रहिवाशांच्या टेकड्यांविषयी आमच्या मुलांना सांगितले. दोन्ही बाजूंची मुले एकमेकांना समजली, कारण दोघांपाशी मातीची टेकडी होती.

त्याहून सोपा रस्ता स्वयंपाकघरातून जातो. मका, भुईमूग, बटाटा, टोमॅटो, पेरू, तंबाखू आणि आपली लाल मिरची, ही सारी अमेरिका खंडातून आलेली. दायमाबादच्या उत्खननात जव, मसूर, मूग यांचे जळके दाणे मिळतात. मिरचीचे बी मिळत नाही आणि मिळणारही नाही. दायमाबादच्या कालवणात मिरची नव्हती, हे ऐकून वर्गाला बसणारा धक्का पुढे कित्येक दिवस घरोघरच्या जेवणाच्या वेळी चर्चेस येतो, आणि कोलंबसानंतर जग कसे बदलले हे मुलाला पानावर बसून कळते. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामी नष्ट करणाऱ्या लोकांना अर्पण केली, हा धागा मात्र सातवी-आठवीपर्यंत राखून ठेवावा असे माझे मत आहे.

निजामशाहीविषयी मी थोडक्यात सांगतो; तिच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. शहा डोंगरावरच्या अष्टकोनी वास्तूला सारा जिल्हा चांदबिबीचा महाल म्हणतो, पण ती सलाबतखानाची कबर आहे. मुलांना वर नेऊन हे सांगावे आणि लोक तसे का म्हणू लागले असतील यावर विचार करावयास लावावे. नगरच्या किल्ल्याची शर्थीने राखण करणारी चांदबिबी त्याने लहान होत नाही.

वर्तमानाकडे वळताना मन खिन्न होते. प्रवराकाठच्या उसाने या जिल्ह्यास समृद्ध केले, १९५० नंतर लोणीच्या सहकारी साखर कारखान्याने देशाला वाट दाखविली, हे मी अभिमानाने सांगतो. पण जमिनी सपाट करणाऱ्या यंत्रांपुढे लहानमोठ्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडांची नोंदही न होता ती नाहीशी होत गेली. शाळांच्या सहली पाण्याच्या उद्यानांकडे वळल्या. ‘प्रकल्प’ दुकानातून तयार विकत मिळतो, आणि अंगणातला किल्लाही प्लास्टरचा येतो. शिक्षक वाईट आहेत असे मी म्हणणार नाही. त्यांचा दिवस माहिती भरण्यात आणि ऑनलाइन नोंदींत संपतो, आणि एकाच शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता असतात. परंतु एका वरिष्ठ हुद्देदाराने भर सभेत, गेलेल्या माणसांच्या हाडांत मुलांनी काय पाहावे, असे विचारले तेव्हा टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांचे मला अधिक वाईट वाटले.

माझी मागणी मोठी नाही. दायमाबादचा मूळ रथ संग्रहालयात आहे, तो तेथेच राहो. त्याची एक चांगली प्रतिकृती जिल्ह्यातल्या प्रत्येक पंचायत समितीत असावी आणि ती आळीपाळीने शाळांत फिरावी. जोर्वे घाटाच्या मडक्याची नक्कल आपले कुंभार करू शकतील. त्यांना काम द्यावे. तिसरी ते पाचवीच्या मुलांसाठी एक दिवसाची सहल ठरवावी: संगमनेरहून सकाळी निघून जोर्वे, मग दायमाबाद, दुपारच्या डब्यानंतर नेवाशाला लाडमोड टेकडी आणि पैस खांब, आणि दिवस मावळण्यापूर्वी टोक्याचा संगम. खापराचे तुकडे मुलांनी उचलावयाचे नाहीत, जागच्या जागी पाहून वहीत काढावयाचे. शिक्षकाने सोबत दोरी घ्यावी, आणि प्रत्येक ठिकाणी मुलांकडून आपापली गाठ मारून घ्यावी. खर्चाची तरतूद जिल्हा परिषदेच्या उपकरातून व्हावी, असा ठराव यंदाच्या शिक्षण परिषदेत कोणी मांडला तर अनुमोदन देण्यास मी हजर राहीन.