दोन कानांचें ध्वनिमुद्रण : मायक्रोफोन कसा निवडावा

आमच्या विद्यार्थी-वाचकांपैकीं जे कोणी श्रावणांत कर्जतजवळच्या कोंढाणे लेण्यांपर्यंत चढून गेले असतील, त्यांस एक अनुभव खास आठवेल. तेथें डोळे मिटून उभें राहिलें तरी पाण्याची धार समोर कोसळत आहे, डावीकडील झाडांत पाखरूं बोलत आहे आणि मागें राहिलेले सोबती वर येत आहेत, हें सर्व आपणांस बिनचूक कळतें. परंतु तोच प्रसंग मोबाइलवर मुद्रित करून घरच्या मंडळींस ऐकविला, तर सर्व आवाज जणूं एकाच गांठोड्यांत बांधल्यासारखे ऐकूं येतात. ही उणीव दूर करणाऱ्या रीतीस बायनॉरल म्हणजे द्विकर्णी ध्वनिमुद्रण असें म्हणतात. त्यासाठीं मायक्रोफोन कोणता घ्यावा, याचा विचार या लेखांत करूं.

प्रथम कानांचें काम पाहूं. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानास आधीं पोंचतो व डाव्यास किंचित् उशिरा. हा उशीर फार झाला तरी एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमीच असतो. तथापि मेंदू तो टिपतो. शिवाय बारीक, तीव्र स्वरांस डोकें आड येतें, म्हणून दूरच्या कानास ते मंद ऐकूं येतात. आवाज वरून आला कीं खालून, समोरून कीं मागून, हें ओळखण्यास कानाच्या पाळीच्या वळ्या मदत करतात. तात्पर्य, या मुद्रणांत आपलें डोकें व कान हेही यंत्राचेच भाग होत. मायक्रोफोन त्यांच्या जागीं बसेल असा हवा.

दोन कानांस दोन निरनिराळे आवाज पोंचविण्याची कल्पना जुनी आहे. १८८१ सालीं पॅरिसच्या विद्युत्-प्रदर्शनांत क्लेमां आदेर यानें ऑपेरागृहांतील गायन तारेनें आणून श्रोत्यांस दोन कानांस दोन श्रवणयंत्रें लावून ऐकविलें. पुढें १९७३ सालीं जर्मनींतील नॉयमन कंपनीनें कानांत मायक्रोफोन बसविलेलें कृत्रिम डोकें बाजारांत आणलें. अशा डोक्याची किंमत आज कित्येक लाख रुपये पडते. सुदैवानें प्रत्येकास एक डोकें जन्मतःच फुकट मिळालेलें आहे! १९६२ सालीं सेस्लर व वेस्ट या दोन शास्त्रज्ञांनीं बेल प्रयोगशाळेंत इलेक्ट्रेट मायक्रोफोन शोधून काढला; त्याची वाटाण्याएवढी जोडी कानाशीं सहज बसते.

आतां निवडीचे नियम सांगतों. पहिला नियम असा कीं, मायक्रोफोन सर्व बाजूंचा आवाज सारखा घेणारा असावा. व्यासपीठावरील भाषणाचा मायक्रोफोन समोरचेंच अधिक ऐकतो. येथें तो कामाचा नाहीं, कारण दिशा ठरविण्याचें काम आपलें डोकें करणार आहे. दुसरा नियम, दोन्ही मायक्रोफोन एका जातीचे व एकसारख्या संवेदनेचे असावेत. एक तिखट व दुसरा मवाळ असला, तर सारें चित्र एका बाजूस कलतें.

तिसरा नियम आम्ही ठेंच खाऊन शिकलों. प्रत्येक मायक्रोफोनांत स्वतःचा एक बारीक सुसकारा असतो व तो डेसिबेलांत मोजतात. आम्हीं आरंभीं सदऱ्यास लावावयाचे दोन स्वस्त मायक्रोफोन कानांशीं बांधून हिवाळ्यांतील पहाटे रानांत मुद्रण केलें. घरीं येऊन ऐकतों तों पाखरांच्या पाठीमागें पाऊस पडत असल्याचा भास! तो पाऊस यंत्रांतला होता. शांत रानाचा आवाज २० ते २५ डेसिबेल असतो. यंत्राचा सुसकाराच ३० असेल तर रान त्याखालीं बुडून जातें. म्हणून हा आंकडा १४ ते १८ च्या आसपास आहे कीं नाहीं, हें विकत घेण्यापूर्वीं पत्रकांत पाहावें.

चौथा नियम याच्या उलट टोंकाचा. कर्जत स्थानकावर घाट चढण्यासाठीं गाडीस मागून इंजिनें जोडतात, तेथें उभें राहून भोंगा ऐका. जवळून तो ११० डेसिबेलांच्याही पुढें जातो. असा आवाज न फाटतां सोसण्याची मर्यादाही पत्रकांत दिलेली असते. लेण्यांतील थेंब व स्थानकावरील भोंगा दोन्ही उत्तम टिपणारी स्वस्त जोडी विरळा. म्हणून दुकानांत जाण्यापूर्वीं, आपणांस कोणता आवाज जतन करावयाचा आहे, हें आधीं ठरवावें.

उरलेल्या गोष्टी थोडक्यांत सांगतों. मुद्रणयंत्रांत डावा व उजवा असे दोन स्वतंत्र मार्ग हवेत. बहुतेक मोबाइलच्या छिद्रांत एकच असतो. वाऱ्यासाठीं मायक्रोफोनावर लवदार कापडाची टोपी घालावी. मुद्रण चालूं असतां मान हलवूं नये. मान फिरली कीं ऐकणाराचें सारें जग फिरतें. ऐकतांनाही दोन्ही कानांस हेडफोन लावावे, नाहीं तर सर्व श्रम व्यर्थ. कानांतील मायक्रोफोन कोणास दिसत नाहीं. म्हणून माणसांचे बोल टिपण्यापूर्वीं त्यांची परवानगी घेणें हा सभ्यतेचा नियम समजावा.

हा खटाटोप कशासाठीं, असें पालक विचारतील. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं खालापूर तालुक्यांतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली व ठाकरांची ती वस्ती मातीखालीं गेली. तेथील घरांचीं छायाचित्रें पाहावयास मिळतात. परंतु त्या वाडीच्या मधोमध उभें राहिलें असतां जात्याची घरघर कोणत्या अंगानें येई, मुलांचा गलका कोठून उठे, हें आतां छायाचित्रावरून कळणार नाहीं. गांव केवळ दरडीनेंच जातो असें नाहीं. तो रस्त्यानें, कारखान्यानें व स्थलांतरानेंही बदलतो. तेव्हां विद्यार्थीमित्रहो, येत्या सुटींत आपल्या आजीच्या अंगणांत पहाटे दहा मिनिटें मान न हलवितां बसा. मायक्रोफोन अजून विकत घेतला नसला तरी चालेल. काय टिपावयाचें आहे, हें प्रथम आपल्याच दोन कानांनीं शिकावयाचें असतें.