तापमान नियंत्रक स्वतःची वीज कुठून घेतो?

बटन अळिंबीच्या खोलीत बुरशीवाढीच्या काळात २२ ते २५ अंश सेल्सिअस आणि फळधारणेच्या काळात १४ ते १८ अंश तापमान राखावे लागते. कंपोस्ट स्वतःही उष्णता सोडत असते. बुरशीवाढीच्या काळात गादीचे तापमान खोलीतील हवेपेक्षा दोन-तीन अंशांनी जास्त असते. म्हणून रात्री थंडावा थांबला, की बाहेर गारवा असूनही खोली आतून तापत जाते. सकाळी दार उघडल्यावर दोष एसीला किंवा कॉम्प्रेसरला दिला जातो. पण अनेकदा ती यंत्रे ठणठणीत असतात आणि बंद पडलेला असतो तो भिंतीवरचा तळहाताएवढा तापमान नियंत्रक, म्हणजे आपण ज्याला कंट्रोलर किंवा थर्मोस्टॅट म्हणतो तो.

थर्मोस्टॅट हा शेवटी एक स्विच आहे. तापमान वाढले की जोडायचे, उतरले की तोडायचे, एवढेच त्याचे काम. मात्र सेन्सर वाचणे, आकडा दाखवणे, आतला रिले ओढणे यासाठी डिजिटल कंट्रोलरला स्वतःलाही थोडी वीज लागते. ती तो कोणत्या तारेतून घेतो, हे खरेदी करताना क्वचितच कोणी विचारते. बिघाड शोधताना मात्र सगळे तिथेच येऊन थांबते.

वीज न लागणारा जुना प्रकार

फ्रिज किंवा गिझरमध्ये फिरवायच्या नॉबचा थर्मोस्टॅट असतो. त्याच्या बारीक तांब्याच्या नळीत वायू किंवा द्रव भरलेला असतो. तो उष्णतेने फुगतो, पडदा ढकलतो आणि संपर्क जुळतो किंवा तुटतो. याला दोनच तारा लागतात : फेज आत, फेज बाहेर. न्यूट्रलची गरज नाही, व्होल्टेज कमी-जास्त झाल्याचे त्याला सोयरसुतक नाही. अचूकता बेताची असते, अंश-दोन अंश इकडे-तिकडे होतात, म्हणून अळिंबीसाठी मुख्य कंट्रोलर म्हणून तो पुरत नाही. पण तो टाकाऊ समजू नये. मुख्य कंट्रोलरच्या चार-पाच अंश वर लावून ठेवलेला असा थर्मोस्टॅट एक्झॉस्ट पंखा सुरू करू शकतो, आणि त्यासाठी त्याला कोणाकडे वीज मागावी लागत नाही. पिलांच्या ब्रूडरमध्ये उलट बाजूने, म्हणजे जास्त तापल्यावर हीटर तोडण्यासाठी, तो तितकाच उपयोगी आहे.

दोन तारांचा इलेक्ट्रॉनिक प्रकार

खरी गुंतागुंत इथे आहे. इंडिकेटर असलेला स्विच बंद केला तरी एलईडी बल्ब मंद मिणमिणतो, हे अनेकांनी पाहिले असेल. इंडिकेटरची चिमुकली वीज बल्बमधून वाट काढत न्यूट्रलला जाते, म्हणून तसे होते. काही इलेक्ट्रॉनिक थर्मोस्टॅट आणि दोन तारांचे स्मार्ट स्विच मुद्दाम हीच युक्ती वापरतात. न्यूट्रल दिलेला नसल्यामुळे ते समोरच्या कॉइलमधून, म्हणजे रिले किंवा कॉन्टॅक्टरच्या गुंडाळीतून, अगदी थोडा प्रवाह ओढतात. प्रवाह इतका कमी ठेवलेला असतो की कॉइल खेचली जाऊ नये, पण कंट्रोलरचे पोट भरावे.

थंडावा बंद असताना हे जमते, कारण तेव्हा उघड्या संपर्काच्या दोन टोकांवर पूर्ण व्होल्टेज असते. पण संपर्क जुळून कॉम्प्रेसर सुरू झाला, की ती दोन टोके एकच होतात आणि कंट्रोलरला मिळणारे व्होल्टेज जवळपास शून्यावर येते. मग तो आतल्या बॅटरीवर किंवा कपॅसिटरवर तग धरतो, किंवा कॉइल सुटणार नाही इतक्या अल्प क्षणासाठी प्रवाह तोडून घोट-घोट वीज घेतो.

ही पद्धत रुळली ती अमेरिकेतील घरांत. तिथे हीटर आणि एसीच्या नियंत्रणाची वायरिंग ट्रान्सफॉर्मरने उतरवलेल्या २४ व्होल्ट एसीवर चालते. 'आर' ही पुरवठ्याची तार, 'डब्ल्यू' हीटरकडे, 'वाय' कॉम्प्रेसरकडे आणि 'जी' पंख्याकडे जाते. जुन्या यांत्रिक थर्मोस्टॅटला एवढ्या तारा पुरत होत्या. वाय-फायचे थर्मोस्टॅट आले तेव्हा परतीची पाचवी तार, 'सी', नसलेल्या घरांत अडचण झाली आणि ही उसनवारी सुरू झाली.

आपल्याकडे याचा संबंध दोन ठिकाणी येतो. एक, असे २४ व्होल्टचे थर्मोस्टॅट ऑनलाइन मिळतात. त्यांना थेट २३० व्होल्ट जोडले तर ते जळतात. दुसरे, अक्षरांचा घोळ. अमेरिकी थर्मोस्टॅटवरील 'सी' म्हणजे ट्रान्सफॉर्मरकडे परत जाणारी तार. आपल्या पॅनेल कंट्रोलरच्या रिलेवर 'एनओ' आणि 'एनसी' यांच्या मधला 'सी' म्हणजे संपर्काचे सामाईक टोक. तिथे न्यूट्रल जोडला तर संपर्क जुळताच शॉर्ट होऊ शकतो. अक्षर एक, अर्थ दोन. त्यामुळे जोडणी नेहमी सोबतच्या आकृतीवरूनच करावी.

दोन तारांच्या कंट्रोलरची स्क्रीन गेली, तर तो लगेच बदलू नये. त्याची वीज कॉइलमधून येते. कॉइल तुटली किंवा तिकडचा फ्यूज गेला, की कंट्रोलर निर्दोष असूनही मरतो आणि नवा लावला तरी तोही चालत नाही. याउलट बंद केल्यावरही कॉन्टॅक्टर गुणगुणत राहिला किंवा सुटायला वेळ लावू लागला, तर कॉइलमधून जाणारा हा चोरटा प्रवाह जास्त झाला असे समजावे. दोन्हीवर सरळ उपाय एकच : न्यूट्रल आणून स्वतंत्र पुरवठ्याचा कंट्रोलर बसवणे. म्हणून खोली बांधतानाच कंट्रोलरच्या जागेपर्यंत दोन तारांऐवजी चार-पाच तारांची केबल टाकून ठेवावी. पफ पॅनेलला नंतर भोके पाडली, की तिथून ओल आत शिरते.

स्वतंत्र पुरवठ्याचा पॅनेल कंट्रोलर

बहुतेक शेतकऱ्यांकडे हाच असतो. मागच्या बाजूला फेज आणि न्यूट्रलची दोन टोके पुरवठ्यासाठी, सेन्सरची दोन, आणि रिलेची तीन. पुरवठा आणि रिले एकमेकांपासून अलग असतात. हा प्रकार भरवशाचा आहे, पण भोवतालची वायरिंग तशी असेलच असे नाही.

ग्रामीण भागात मुख्य दुखणे कमी व्होल्टेजचे. अनेक कंट्रोलर १५० व्होल्टवरही आकडा दाखवत राहतात. पण २३० व्होल्टची कॉन्टॅक्टर कॉइल खात्रीने खेचण्यासाठी साधारण ८५ टक्के, म्हणजे १९५ व्होल्टच्या आसपास लागतात. मधल्या पट्ट्यात कंट्रोलरचा दिवा 'थंडावा सुरू' म्हणतो, कॉन्टॅक्टर मात्र तडतडतो, संपर्क जळतात आणि कॉम्प्रेसर अडखळतो. मोजमाप मुख्य बोर्डावर करून उपयोग नाही. कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या क्षणी थेट कॉइलच्या टोकांवर परवानाधारक वायरमनकडून मोजून घ्यावे.

न्यूट्रल हा दुसरा कच्चा दुवा. न्यूट्रल सापडत नाही म्हणून अर्थिंगच्या सळईलाच न्यूट्रल मानण्याची पद्धत शेतावर सर्रास दिसते. एकट्या कंट्रोलरपुरते ते चालून जाते, कारण त्याला लागणारी वीज नगण्य असते. त्याच तारेवर पंखा आला की दोष उघडा पडतो. उन्हाळ्यात माती सुकते, सळईभोवतीचा रोध वाढतो, कंट्रोलरला मिळणारे व्होल्टेज घसरते आणि उरलेले व्होल्टेज सळईवर, तिला जोडलेल्या प्रत्येक लोखंडी रॅकवर चढते. ओल्या जमिनीच्या खोलीत अळिंबी काढणाऱ्या माणसासाठी हे जीवघेणे आहे. अर्थिंग फक्त संरक्षणासाठी. तिच्यातून कोणतेही उपकरण चालवू नये.

थ्री फेज यंत्रणेत कंट्रोलर एका फेजवर असतो. दुसरी फेज गेली तर त्याला पत्ताही लागत नाही. तो कॉम्प्रेसर चालू ठेवण्याचा हुकूम देत राहतो आणि मोटर दोन फेजवर तापून जळते. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटरचा संपर्क कॉन्टॅक्टरच्या कॉइलशी सीरिजमध्ये हवाच.

साध्या स्प्लिट एसीवर खोली चालवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. बाहेरचा कंट्रोलर लावून एसीचा मुख्य पुरवठाच तोडला-जोडला जातो. एसीमध्ये वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय नसेल, तर पहिल्यांदा तोडल्यावर तो रिमोटची वाट पाहत बसतो. मेन स्विच बंद करून पुन्हा सुरू करा आणि पाच मिनिटे थांबून पाहा. कंट्रोलरमधील कॉम्प्रेसरचा विलंब तीन मिनिटांच्या खाली ठेवू नये.

कंट्रोलर मेला तर काय सुरू राहील?

कंट्रोलरची वीज गेली की त्याचा रिले सुटतो. 'एनओ' वर जोडलेले सर्व बंद पडते, 'एनसी' वर जोडलेले सुरू होते. कॉम्प्रेसर 'एनओ' वरच असावा. एक्झॉस्टसाठी वेगळा रिले असेल, तर तो उलट्या रीतीने, 'एनसी' वर, जोडता येतो. कंट्रोलरचा फ्यूज उडाला तरी हवा खेळती राहते.

गजराला मात्र कंट्रोलरच्या पुरवठ्यावर ठेवू नये. २३० व्होल्ट कॉइलचा एक साधा रिले कंट्रोलरच्याच फेज-न्यूट्रलवर कायम खेचलेला ठेवावा आणि त्याच्या 'एनसी' संपर्कातून १२ व्होल्ट बॅटरीवरचा भोंगा जोडावा. कंट्रोलरची वीज गेली, की रिले सुटतो आणि भोंगा वाजतो. बॅटरीला छोटा चार्जर लागतो. भोंगा खोलीत न बसवता माणूस झोपतो तिथे बसवावा आणि दर आठवड्याला कंट्रोलरचा एमसीबी पाडून वाजतो का ते पाहावे.