तोराजांचे कडे : घराण्यांची दगडातली दफ्तरं

इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटाच्या दक्षिण भागात, डोंगराळ मुलखात तोराजा लोक राहतात. खाली भाताची खाचरं, वर चुनखडीचे उभे कडे. या कड्यांत ते आपली मृत माणसं ठेवतात. लेमो, लोंदा या ठिकाणांचे फोटो अनेकांनी पाहिले असतील. खडकात कोरलेल्या चौकोनी खिडक्या, शेजारच्या सज्जात ओळीनं उभे लाकडी पुतळे. बघणारा म्हणतो, काय अजब प्रथा! आपण घराण्यांच्या वंशावळी धुंडाळणारी माणसं, आपल्याला त्यात दुसरंही काही दिसायला हवं.

कड्यातल्या या खोलीला 'लिआंग' म्हणतात. ती एकट्यादुकट्याची नसते, घराण्याची असते. तोराजांचं मूळ घर म्हणजे 'तोंगकोनान', होडीसारखं दोन्ही टोकांना उचललेलं छप्पर असलेलं. मुलगा असो की मुलगी, आईच्या आणि बापाच्या अशा दोन्हीकडच्या तोंगकोनानशी नातं लागतं. जिवंतपणी तोंगकोनान, मेल्यावर लिआंग. तेव्हा कोणाला कुठं ठेवलं, यावरून कोण कोणाचं हे कळतं. लिहिलेल्या कागदाशिवाय चाललेलं हे दफ्तरच म्हणा ना.

खोदकाम सोपं नव्हतं. बांबूच्या शिड्या-परातींवर चढून, छिन्नी-हातोड्यानं महिनोन् महिने खडक फोडायचा आणि मजुरी रेड्यांच्या हिशेबात द्यायची. तोंड लहान, आत खोली, पुढं लाकडी दार. नवा माणूस गेला की तेच दार उघडायचं. त्याआधीची रीत निराळी होती. 'एरोंग' नावाच्या कोरीव लाकडी पेट्या, कुठं होडीच्या तर कुठं रेड्या-डुकराच्या आकाराच्या, कड्यात ठोकलेल्या तुळयांवर किंवा कपारीत ठेवायच्या. केते केसूला त्या अजून आहेत. तुळया कुजल्या, पेट्या फुटल्या, हाडं उघडी पडली. मृतांबरोबर मौल्यवान वस्तू ठेवत, त्या चोरीला जात, म्हणून मग खडकात खोल्या कोरू लागले, असं सांगतात. शिवाय खाचराची जमीन इतकी मोलाची, की ती थडग्यांसाठी कोण अडवील?

पण माणूस गेला की लगेच कड्यावर नेला, असं होत नाही. तो घरातच राहतो, महिने, कधी वर्षंसुद्धा. या काळात त्याला मेला म्हणत नाहीत, आजारी म्हणतात. जेवणखाण पुढं ठेवतात, त्याच्याशी बोलतात. 'रांबू सोलो' हा अंत्यविधी सुरू होऊन रेडे कापले, की मगच तो खऱ्या अर्थानं गेला. एवढा उशीर का? विधीचा खर्च! दूरचे नातेवाईक जमायला हवेत, रेडे जमायला हवेत. पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांच्या रेड्याची किंमत तर ऐकवत नाही. कोणी किती रेडे दिले याची नोंद सगळे डोक्यात ठेवतात, ते ऋण पुढच्या मयतीला फेडायचं असतं. आईबापाच्या विधीत कोणी किती रेडे कापले, त्यावर जमिनीतला वाटा ठरायचा. म्हणजे शोकाबरोबर वाटणीही तिथंच.

सज्जातले पुतळे म्हणजे 'ताऊ-ताऊ'. मोठ्या घराण्यातल्या माणसाचाच पुतळा होई, बहुधा फणसाच्या लाकडाचा, आणि त्यालाही विधी लागत. अधूनमधून त्यांचे कपडे बदलतात. शिवपुरीच्या छत्रीत शिंद्यांच्या मूर्तींना पोशाख चढवतात, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना यात फारसं नवल वाटणार नाही. गुलामांच्या कुळातल्या माणसाला मात्र ना पुतळा, ना मोठा विधी. दफ्तर सगळ्यांचं नव्हतं, हेही नोंदवायला हवं.

१९०६ साली डच सैन्य या डोंगरांत शिरलं. पोंग तिकू नावाच्या सरदारानं झुंज दिली, १९०७ साली तो मारला गेला. मागोमाग मिशनरी आले. आज बहुतेक तोराजा ख्रिस्ती आहेत, तरी रांबू सोलो चालूच आहे. जुन्या धर्माला, 'आलुक तो दोलो' म्हणजे पूर्वजांच्या मार्गाला, १९६९ साली सरकारनं हिंदू धर्माच्या सदरात बसवलं. कागदोपत्री मान्यता हवी तर ठरलेल्या धर्मांपैकी एखाद्यात बसणं भाग होतं.

खरा घाव पुढं बसला. १९७०नंतर पर्यटक येऊ लागले, फोटो जगभर गेले आणि ताऊ-ताऊ परदेशी कलाबाजारात विकाऊ झाले. चोर रात्रीतून कड्यावर चढून पुतळे काढून नेऊ लागले. संग्राहकाच्या दिवाणखान्यात तो 'आदिवासी कलेचा नमुना' होतो. कोणाचा, कुठल्या लिआंगचा, हे पुसून जातं. इकडं त्या घराण्याचा पूर्वज सज्जातून नाहीसा होतो, आणि नवा पुतळा करायचा तर विधीचा खर्च आलाच.

आता कित्येक कुटुंबांनी उरलेले ताऊ-ताऊ घरात आणून कुलपात ठेवलेत. कुठं पुतळ्यांपुढं लोखंडी गज बसवलेत, कुठं जुन्याच्या जागी नवा केलाय, हुबेहूब चेहऱ्याचा. नवी थडगी बहुतेक सिमेंटची, घरासारखी, जमिनीवर बांधलेली. खडक कोरण्यापेक्षा ती लवकर होतात. जुन्या लिआंगची दारं मात्र अजूनही, घरातलं कोणी गेलं, की उघडली जातात.