जुन्या गाडीच्या पेट्रोल टाकीतला गंज काढायचं काम घेताय? आधी हे वाचा

"सर, गॅरेज टाकायचंय पण भांडवल नाही, कुठल्या कामापासून सुरुवात करू?" हा प्रश्न मला सारखा येतो. आज असं एक काम सांगतो ज्याला मोठं मशीन लागत नाही आणि जे भरलेल्या गॅरेजवाल्यांना वेळखाऊ म्हणून नकोसं असतं. जुन्या मोटरसायकलच्या टाकीतला गंज काढणं.

वडिलांची आरएक्स 100, आजोबांची राजदूत, मामाची येझदी. शेडमध्ये वर्षानुवर्षं झाकून ठेवलेल्या गाड्या लोक आता हौसेने बाहेर काढतायत. मेकॅनिक कार्ब्युरेटर साफ करून देतो, गाडी चार दिवस पळते, परत बंद. कारण कचरा वरून येतोय, टाकीतून.

गंज धरतो कसा, ते गिऱ्हाईकाला सांगता आलं पाहिजे. टाकी लोखंडी पत्र्याची. ती अर्धी रिकामी ठेवून गाडी पावसाळाभर उभी राहिली की आतल्या हवेतलं बाष्प पत्र्यावर जमतं. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून ते तळाला जाऊन बसतं. त्यात आता पंपावर 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पाणी फार झालं की दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन खाली साचतात. म्हणून पत्रा सगळ्यात जास्त खाल्ला जातो तो तळाला, खोलगट भागात.

आता मुद्द्याची गोष्ट. कधी कधी टाकीला भोक पडलेलं असतं आणि गंजानेच ते बुजवून ठेवलेलं असतं. तुम्ही गंज काढलात की टाकी गळायला लागते. गिऱ्हाईक म्हणणार, "दिली तेव्हा तर गळत नव्हती!" आणि त्याचं म्हणणं खरंच असतं. इथे पैसे तर जातातच, गावातलं नावही जातं. म्हणून टाकी हातात घेतल्यावर त्याच्यासमोर टॉर्च मारून आत बघा, तळाचा रंग कुठे फुगलाय का ते बोटाने चाचपा, फोटो काढा. "गंज निघाल्यावर भोक उघडं पडू शकतं, त्याची दुरुस्ती वेगळी" हे वाक्य पावतीवर लिहून सही घ्या. सही द्यायला कां कूं करणाऱ्याचं काम घेऊ नका. मी तरी घेत नाही.

कामाला लागताना एक लक्षात ठेवा: भरलेल्या टाकीपेक्षा नुकतीच रिकामी केलेली टाकी जास्त धोक्याची, कारण आत पेट्रोलची वाफ भरलेली असते. काम उघड्यावर करा. बिडी, ड्रिल, ग्राइंडर, हीटर काही जवळ नको. हातमोजे आणि चष्मा घाला. पेट्रोल काढा, कॉक, झाकण आणि असेल तर काट्याचा फ्लोट खोला. साबणाच्या पाण्याने तीन-चार वेळा खळखळून धुवा. आत तेलकटपणा राहिला तर पुढचं औषध पत्र्यापर्यंत पोचतच नाही.

औषध म्हणजे सायट्रिक ऍसिड, किराणा दुकानातलं लिंबूसत्व. एक लिटर कोमट पाण्याला साधारण 100 ग्रॅम. कॉकचं भोक रबरी बुचाने बंद करा आणि टाकी गळ्यापर्यंत भरा, नाहीतर वरचा गंज तसाच राहतो. तोंडाभोवतीच्या रंगाला ग्रीस लावा. 12 ते 24 तास ठेवा, पण मधून मधून बघत राहा. राखाडी स्वच्छ पत्रा दिसला की थांबायचं. गंजाचे पापुद्रेच असतील तर आधी मूठभर नट टाकून टाकी हलवा, आणि नट मोजून टाका, मोजून काढा!

काही जण संडास धुवायचं ऍसिड ओततात. तासाभरात चकाचक होतं, मान्य. पण ते गंजाबरोबर चांगला पत्राही खातं, आणि त्याच्या वाफेने दुकानातले पाने गंजतात. आधीच पातळ झालेल्या पत्र्यावर हा प्रयोग नको.

खरी घाई ऍसिड काढल्यावर. उघडा ओला पत्रा काही मिनिटांत परत तांबूस होतो. पाण्यात खायचा सोडा विरघळवून टाकी धुवा, मग साधं पाणी, आणि लगेच कॉम्प्रेसरची थंड हवा. हेअर ड्रायर नको, त्यात तापलेली तार असते. सुकली की थोडं इंजिन ऑइल आत फिरवून सगळीकडे लावा. काढलेलं ऍसिडचं पाणी सोडा टाकून फेस यायचा थांबेपर्यंत शमवा, मगच ओता. विहिरीजवळ किंवा शेताच्या पाटात तर नाहीच.

शेवटी टाकी पाण्याने नाही, थोड्या पेट्रोलने तपासा. कागदावर ठेवा, रात्रभर. डाग पडला तर गिऱ्हाईकाला फोन करा. वेल्डिंग स्वतः करू नका. धुतलेल्या टाकीतही वाफ राहते आणि स्फोट होतो. ते काम टाक्या करणाऱ्या अनुभवी माणसाचं.

दर कसा लावायचा? समजा सगळा माल 350 रुपयांचा. काम दोन दिवस चालतं, पण तुमचे हात लागतात तीनच तास. तासाला 150 धरले तर 450. झाले 800. एवढ्यावर थांबलात तर एखादी टाकी दुसऱ्यांदा भिजवावी लागली की नफा गेला. म्हणून या उदाहरणात मी 1,100 च्या खाली जाणार नाही. भाव तुमच्या गावाचे घाला, रीत हीच.

गाडी परत देताना कॉकची जाळी साफ करून पाइपमध्ये नवीन पेट्रोल फिल्टर बसवा, त्याचे पैसे वेगळे सांगा. 15 दिवसांनी गाडी दाखवायला बोलवा आणि फिल्टर त्याच्यासमोर उघडा. तांबूस चुरा दिसला तर आतला गंज अजून सुटतोय, टाकी परत भिजवायला लागेल.