पट्टे नको, पंख मोजा!

विद्यार्थिमित्रांनो, रानात काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची अनोळखी माशी फुलासमोर हवेत स्थिर राहिलेली दिसली, तर गांधीलमाशी समजून तिला मारू नका. हात न लावता बरणीत धरा आणि भिंगातून पंख मोजा. गांधीलमाशीला चार पंख असतात. मागचे दोन पुढच्यांना बारीक आकड्यांनी जोडलेले असतात. हिला मात्र दोनच! मागच्यांच्या जागी टाचणीसारखे दोन ‘संतोलक’ असतात. उडताना ते कंप पावतात. शरीर वळताच त्यांवर आडवे बल येते. ते मुळाशी जाणवते आणि माशी तोल सावरते. आता पंखाच्या मध्यभागी पुसट ‘खोटी’ शीर दिसली, तर ही सिर्फिड कुलातली माशी. हिला नांगी नाही. उलट, कित्येक जातींच्या अळ्या पिकावरचा मावा फस्त करतात. मग तिला सोडून द्याल ना?