अठरा वर्षं पूर्ण झाली, बालगृह सुटलं... पुढं काय? सतराव्या वर्षीच करून ठेवायची कामं

बालगृहात राहणाऱ्या मुलाचा अठरावा वाढदिवस आणि तिथला शेवटचा दिवस बहुतेक वेळा एकच असतो. कायद्याने तो आता 'बालक' राहिलेला नसतो, म्हणून बालगृहाला त्याला ठेवता येत नाही. आई-बाप असलेल्या घरात अठराव्या वर्षी पोराला कुणी बाहेर काढत नाही. शिकायला बाहेरगावी पाठवलं तरी दिवाळीला परत यायला घर असतं. बालगृहातल्या मुलाला हे नसतं.

गावात आजी, मामा किंवा चुलत्याकडे वाढणाऱ्या मुलांचंही तसंच आहे. क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून अशा मुलांसाठी महिन्याला २,२५० रुपये मिळतात. अठरा पूर्ण झाली की तेही थांबतात. त्याच सुमारास बारावीनंतरचा प्रवेश, फी, खोलीभाडं, मेस हे सगळे खर्च सुरू होतात.

सरकारने या वयासाठी काही सोयी केलेल्या आहेत. पण त्यातली एकही आपोआप चालत येत नाही. जवळजवळ प्रत्येकीला कागद लागतात आणि ते गोळा करायला महिने जातात. त्यामुळं अठराव्या वर्षी धावाधाव करण्यापेक्षा सतराव्या वर्षीच कामाला लागायला पाहिजे. कुठली सोय कुणासाठी आणि कुठं विचारायचं, ते एकेक करून पाहू.

अनुरक्षण म्हणजे काय?

बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४६ मध्ये अठरा वर्षं पूर्ण करून संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलांना आर्थिक मदत देण्याची तरतूद आहे. सरकारी भाषेत याला 'अनुरक्षण' किंवा 'पश्चात सेवा' म्हणतात. ही मदत १८ ते २१ या वयासाठी असते. शिक्षण अर्धवट असेल किंवा तसंच खास कारण असेल तर ती २३ पर्यंत वाढवता येते.

मिशन वात्सल्य या केंद्र पुरस्कृत योजनेत त्यासाठी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांत नुसत्या पैशाचं बोललेलं नाही. सहा ते आठ जणांच्या गटाला तात्पुरतं एकत्र राहायला जागा, कौशल्य प्रशिक्षणाच्या काळात विद्यावेतन, उच्च शिक्षणाला शिष्यवृत्ती, समुपदेशन, छोट्या धंद्यासाठी कर्ज मिळवायला मदत हे सगळं त्यात आहे. राज्यात मुलांसाठी शासकीय अनुरक्षण गृहं आहेत, पण प्रत्येक जिल्ह्यात नाहीत. राहायला ठिकाण नसलेल्या मुलींची सोय बऱ्याचदा शासकीय महिला राज्यगृहात केली जाते.

आता महत्त्वाची गोष्ट. याच नियमांनुसार मूल संस्थेतून बाहेर पडण्याच्या दोन महिने आधी परिविक्षा अधिकाऱ्याने किंवा बालकल्याण अधिकाऱ्याने पुढचा आराखडा तयार करून बाल कल्याण समितीपुढं ठेवायचा असतो. म्हणजे मुलाला विचारायचं, तुला पुढं काय करायचंय, कुठं राहशील, काय लागेल? आराखडाच झाला नाही तर अनुरक्षणाची शिफारसही राहून जाते. म्हणून बालगृहातल्या सतरा वर्षांच्या मुला-मुलींनी स्वतःहून अधीक्षकांना विचारावं, "माझा आराखडा झाला का? समितीकडे गेला का?" हे विचारणं म्हणजे उद्धटपणा नाही. तो तुमचा हक्क आहे.

गावात नातेवाइकांकडे वाढलेल्यांचं काय?

इथं खरी अडचण आहे. कायद्यातली अनुरक्षणाची व्याख्या 'संस्थेतून बाहेर पडलेल्या' व्यक्तींची आहे. आजीकडे राहून बालसंगोपनाचा लाभ घेतलेलं मूल त्यात बसत नाही. बीडसारख्या जिल्ह्यात निराधार झालेली बरीच मुलं बालगृहात जातच नाहीत. ती नातेवाइकांकडेच राहतात आणि त्यांना सांभाळणारी आजी अनेकदा स्वतःच मजुरीवर असते. अशा मुलांना दरमहा ४,००० ची वाट बघण्यात अर्थ नाही. त्यांच्यासाठी दुसरा दरवाजा आहे, तो म्हणजे अनाथ प्रमाणपत्र.

अनाथ प्रमाणपत्राने काय मिळतं?

वयाची अठरा वर्षं पूर्ण होण्याआधी ज्यांचे आई आणि वडील दोघंही वारले, त्यांना हे प्रमाणपत्र मिळू शकतं. ६ एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयात याच्या दोन वर्गवाऱ्या आहेत. संस्थेत वाढलेले ते 'संस्थात्मक' आणि बाहेर, नातेवाइकांकडे वाढलेले ते 'संस्थाबाह्य'. म्हणजे आजीकडे वाढलेलं मूलही यात बसतं.

त्याचे मुख्य फायदे असे:

– शिक्षणात आणि सरकारी नोकरीत १ टक्का समांतर आरक्षण.
– एमपीएससीच्या भरतीत वयोमर्यादेत आणि परीक्षा शुल्कात सवलत.
– २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत. प्रवेश मात्र केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून झालेला पाहिजे. ही सवलत अनाथ मुलींबरोबर मुलांनाही आहे.

हे आरक्षण आलं त्यामागं एका मुलीची धडपड आहे. गोव्यातल्या अनाथाश्रमात वाढलेल्या अमृता करवंदे हिने एमपीएससीची परीक्षा दिली, पण नॉन-क्रिमीलेअरचा दाखला नसल्यामुळं तिची निवड अडली. घरदारच माहीत नसलेल्या मुलीने उत्पन्नाचा दाखला कुठून आणायचा? तिने तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यापर्यंत हा प्रश्न नेला. जानेवारी २०१८ मध्ये मंत्रिमंडळाने निर्णय घेतला आणि २ एप्रिल २०१८ ला शासन निर्णय निघाला.

एक गोष्ट नीट समजून घ्या. आई किंवा वडील यांपैकी एक जण हयात असेल तर अनाथ प्रमाणपत्र मिळत नाही. वडिलांनी आत्महत्या केली आणि आई आहे, किंवा आई सोडून गेली पण जिवंत आहे, अशी मुलं यात येत नाहीत. एजंट "करून देतो" म्हणत असेल तर पैसे देऊ नका. या आरक्षणातून नोकरी लागल्यावर प्रमाणपत्राची पुन्हा पडताळणी होते आणि ते खोटं निघालं तर नोकरी जाते. एक पालक असलेलं मूल बालगृहात वाढलेलं असेल, तर त्याला अनुरक्षण मात्र मागता येतं.

सगळ्यात जास्त अडतं ते मृत्यू दाखल्यावर

संस्थाबाह्य अर्जाला आई-वडील दोघांचेही मृत्यू दाखले लागतात. आपल्याकडे गाडी इथंच रुतते. मृत्यूची नोंद माणूस ज्या हद्दीत वारला तिथं होते, त्याच्या मूळ गावात नाही. ऊसतोडीला गेलेलं माणूस कर्नाटकात किंवा सांगली-कोल्हापूरकडं कारखान्याच्या फडावर वारलं, तर नोंद तिकडच्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत असते. दवाखान्यात वारलं असेल तर तो दवाखाना ज्या हद्दीत आहे तिथं.

नोंदच झाली नसेल तर? मृत्यूला एक वर्षापेक्षा जास्त काळ झाला असेल तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही. त्याला अर्ज, शपथपत्र, चौकशी असं सगळं लागतं. दोन-चार महिने सहज जातात. मूल बारावीत असताना हे काम सुरू केलं तरच प्रवेशाच्या वेळी प्रमाणपत्र हातात असतं.

कोविडमध्ये आई-बाप गेलेल्यांसाठी

११ मार्च २०२० ते ५ मे २०२३ या काळात आई-वडील दोघंही किंवा हयात असलेला एकमेव पालक गमावलेल्या मुलांसाठी पीएम केअर्स फॉर चिल्ड्रन योजना आहे. त्यात नाव असलेल्या मुलाच्या नावे पोस्टात पैसे गुंतवलेले आहेत. १८ ते २३ या वयात त्यावर दरमहा रक्कम मिळते आणि २३ पूर्ण झाल्यावर १० लाख रुपये हातात येतात. कोविडने दोन्ही पालक गेलेल्या मुलांसाठी राज्य सरकारनेही ५ लाखांची मुदत ठेव केलेली आहे.

ही मुलं आता एकेक करून अठराची होत आहेत. पासबुक कुठं आहे, खातं कुणाबरोबर जोडलंय, मोबाइल नंबर कुणाचा दिलाय हे आत्ताच तपासा. हा पैसा मुलाचा आहे. "आम्ही सांभाळलं" म्हणून त्यावर दुसऱ्या कुणाचा हक्क लागत नाही.

सातबाऱ्यावरचा 'अपाक' शेरा

वडिलांच्या नावावर एकर-दोन एकर असेल तर वारस नोंदीत मुलाचं नाव लागतं आणि पुढं 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता म्हणून चुलत्याचं किंवा आजोबांचं नाव येतं. अठरा पूर्ण झाल्यावर वयाचा पुरावा जोडून तलाठ्याकडे अर्ज द्यायचा आणि हा शेरा कमी करून घ्यायचा. वारस नोंदीत नावच नसेल तर तेही आत्ताच बघा.

अज्ञानाची जमीन न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकली गेली असेल तर सज्ञान झाल्यावर साधारण तीन वर्षांच्या आत दाद मागावी लागते. वकिलाला पैसे नसतील तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. मुली, अनुसूचित जाती-जमातीचे आणि कमी उत्पन्न असलेले यांना तिथं मोफत वकील मिळतो.

सतराव्या वर्षी ही यादी पूर्ण करा

१. जन्म दाखला किंवा शाळेचा दाखला. नाव आणि जन्मतारीख सगळीकडे एकसारखी पाहिजे.

२. आधार. पंधरा वर्षांनंतरचं बोटांच्या ठशांचं अपडेट झालंय का ते बघा. बालगृहाचा पत्ता असेल तर संस्था सोडल्यावर तो बदलावा लागतो.

३. स्वतःच्या नावाचं बँक खातं. अठरा झाल्यावर पुन्हा केवायसी करून ते सज्ञान खातं करून घ्यावं लागतं, नाहीतर पैसे अडकतात.

४. बालगृहातल्या मुलांनी बाल कल्याण समितीच्या आदेशाची आणि संस्थेत राहिल्याच्या दाखल्याची प्रत घ्यावी. पुढं संस्था बंद पडली तर हे कागद मिळवताना फार हाल होतात.

५. आई-वडिलांचे मृत्यू दाखले. वडिलांची जात माहीत असेल तर जातीच्या दाखल्याचे पुरावेही गोळा करा.

६. मतदार नोंदणी. सतरा पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्ज करता येतो.

अर्ज कुठं करायचा?

जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालय असतं. तिथंच जिल्हा बाल संरक्षण कक्ष असतो. अनुरक्षण, बालसंगोपन आणि अनाथ प्रमाणपत्र या तिन्हींची सुरुवात इथूनच होते. अनाथ प्रमाणपत्र विभागीय उपायुक्त, महिला व बालविकास यांच्या सहीने मिळतं. अर्ज दिला की पोच घ्या, त्यावर तारीख आणि आवक क्रमांक पाहिजे. नुसतं तोंडी "बघतो" यावर थांबू नका. बालकांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी मोफत आहे, तिथंही माहिती मिळते.

एवढ्याने भागतं का?

नाही. महिन्याला ४,००० रुपयांत पुण्यात किंवा छत्रपती संभाजीनगरात खोली आणि जेवण दोन्ही भागत नाही. नातेवाइकांकडे वाढलेल्यांना ती रक्कमही नाही. बालसंगोपनातून बाहेर पडणाऱ्या मुलांना शिक्षण संपेपर्यंत अनुरक्षण मिळावं, ही मागणी ग्रामसभेत ठराव करून आणि आमदारांपुढं मांडून लावून धरण्यासारखी आहे.

तोपर्यंत गावात करता येईल असं एक काम आहे. प्रत्येक गावात ग्राम बाल संरक्षण समिती असायला पाहिजे, सरपंच तिचे अध्यक्ष असतात. गावातल्या बालसंगोपन घेणाऱ्या मुलांची यादी अंगणवाडी ताईंना आणि शाळेला माहीतच असते. त्यातली कोणती मुलं यंदा सतरा पूर्ण करणार, एवढं काढा आणि त्यांच्या घरी जाऊन वरची यादी तपासा. आजीला लिहिता-वाचता येत नसेल तर अर्ज शिक्षकांनी किंवा ग्रामसेवकांनी भरून द्यावा. एका मुलामागं दोन-तीन फेऱ्या होतील, पण ऐन प्रवेशाच्या वेळी फीसाठी त्याचं शिक्षण अडणार नाही.